फायद्याचा रकाना

उलानबातारच्या उत्तरेला, जिथे डांबरी रस्ता संपतो
आणि नमद्याच्या गोल गेरांची कुंपणं टेकडी चढू लागतात,
तिथल्या जुन्या बॉयलरघरात मी भट्टी सांभाळते.
अर्ध्यात भट्टी, अर्ध्यात बॉक्सिंगचं रिंगण.
त्याचे दोर दोन ठिकाणी सुतळीने सांधलेले.

नगरपालिकेचा कागद आलाय.
दामदिन मास्तरांचा चष्मा फुटला, म्हणून मी भरतेय.
नाव. पत्ता. मुलं किती.
आणि मग: या खेळाने वंचित मुलांना काय फायदा होतो?
खाली दोन बोटं जागा.

दोन बोटं!

लिहू का, की बाहेर उणे एकतीस आहे
आणि इथे मोजे वाळतात?
की पहिला महिनाभर नेरगुई ठोसे मारायला आलाच नव्हता,
भट्टीला पाठ लावून झोपायला यायचा?

नेरगुई म्हणजे नाव नसलेला.
आधीची दोन गेली, म्हणून आईने याला नावच ठेवलं नाही;
मरण दाराशी आलंच, तर हाक कशी मारणार?
मग एका हिवाळ्यात बर्फ असा बसला
की तीनशे मेंढ्या उभ्याच्या उभ्या गोठल्या,
आणि बाप शहरात आला खोगीर घेऊन.
घोड्याशिवाय.
खोगीर अजून गेरात आहे.
पितो तेव्हा त्याच्यावर बसतो.

मार तर पोरगं घरीही खायचं.
फरक एवढाच, की घरी घंटा नसते.
इथे दोन मिनिटांनी वाजते
आणि समोरचा थांबतो.
हे त्याला खरंच वाटेना.
पहिल्यांदा वाजली तेव्हा विश्रांतीचं अख्खं मिनिट
तो डोकं हातांत लपवून तसाच उभा राहिला.

हे लिहावं,
तर सुखबातचं काय लिहू?
तोही इथलाच. भिंतीवर फोटो आहे, गळ्यात तीन पदकं.
आता एकोणतीस वर्षांचा; दुकानात सुट्टे पैसे
पुन्हा पुन्हा मोजतो, आणि मला कधी कधी
त्याच्या मेलेल्या मावशीच्या नावाने हाक मारतो.
मी ओ देते.
त्याचा भाऊ रिंगणाकडे कधी फिरकला नाही.
तो तुरुंगात आहे. त्याला सगळं लख्ख आठवतं.
यातला फायदा कुठला, तोटा कुठला?
आमच्याकडे वजनकाटा आहे, पण तो पोरांचा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
म्हणणाऱ्याने ती पट्टीत गुंडाळून पाहिली नसावी.
मी रोज चाळीस मुठी गुंडाळते, चाळीस सोडवते.
सव्वा लाख अजून कुणाच्या निघाले नाहीत.
निघते फुटलेली कातडी, कुरतडलेली नखं,
आणि अनुजिनच्या तळव्यावर पेनाने लिहिलेलं
गणिताचं उत्तर. चुकीचं.

शनिवारी शहरातल्या हॉलमध्ये नेरगुई हरला.
दुसऱ्या फेरीत खाली बसला. पंच मोजू लागले.
चार. पाच.
नको उठूस रे, नको उठूस, मी मनात म्हणत होते.
आठला उठला,
तेव्हा सगळ्यात मोठ्याने ओरडले ती मीच.
माईकवर त्याचं नाव दोनदा पुकारलं त्यांनी,
निळा कोपरा, नेरगुई, नेरगुई,
सगळ्या हॉलने ऐकलं.
म्हणजे आता त्यालाही कळलं असणार,
ज्याच्यापासून आईने ते लपवलं होतं.

कागद उद्या द्यायचाय.
मास्तर म्हणतात, फायद्याचं काहीही लिही,
पण कोळसा माग.

दोन बोटं जागेत मी लिहिलंय:
कोळशाच्या विटा, रोज तीन पोती.
एप्रिल संपेपर्यंत.