खूण

खानापुरात आमच्या हायस्कुलाचं मैदान तांबडं,
वीटभट्टीचीच माती, फक्त न भाजलेली.
त्यावर फक्कीनं मारलेली माझी खूण
सकाळी अठरा पावलांवर असते
आणि संध्याकाळी बावीस.

सकाळ देसूरकर सरांची.
लक्कव्वा अठराव्या पावलावर आली की सुटायचं,
हात मागं, नजरही मागं,
काठी बोटांत आल्याशिवाय पुढं बघायचं नाही.
सर कधीकाळी म्हैसूरला रिले धावलेत.
तिथं काय झालं ते सांगत नाहीत,
पण आमची काठी खाली पडली की
शिट्टी न वाजवताच तोंडातून काढतात
आणि रुमालानं पुसत बसतात.

संध्याकाळ होसमनी मिसची.
स्कूटी लावतात, बुटाच्या टाचेनं
अठरावरची फक्की पुसतात,
रागानं नाही, फळा पुसावा तशी.
बावीस. सूट. वळायचं नाही.
"मान वळली की पाय विचारतात, थांबू काय?"

दोघंही खरं सांगतात, हीच अडचण.
एक जण खोटं असतं तर सोडता आलं असतं.

ऑगस्टपर्यंत डबे वेगळे झाले.
सुगंधा आणि मी नळापाशी,
लक्कव्वा, मेहजबीन सायकल स्टँडच्या सावलीत.
सुगंधा म्हणाली, मिसला काय कळतंय, कालची आलेली.
लक्कव्वा कन्नडात काहीतरी बोलली,
मला सगळं कळलं,
आणि न कळल्यासारखं मी डब्याचं झाकण लावलं.

त्या दिवशी काठी तीनदा पडली.
काठी म्हणजे पाईपचा तुकडा,
मेहजबीनच्या अब्बांनी कापून दिलेला,
तळवे कापू नयेत म्हणून टोकं कानशीनं घासलेला.
तिसऱ्यांदा तिनंच उचलला,
ओढणीला पुसला, दप्तरात टाकला.
"तुमचं संपलं की घरी येऊन न्या गे."

सर म्हणाले, शिस्त म्हणून काही आहे की नाही.
मिस म्हणाल्या, मी नवी आणते.
चार दिवस आम्ही रिकाम्या मुठी घेऊन पळालो.

पाचव्या दिवशी मी सनदींच्या दारात,
तर उंबऱ्यावर लक्कव्वा आधीच चपला काढत होती.
अब्बा मोटार उघडून बसलेले.
चहा झाला. मोटारीत काय बिघडलंय ते ऐकलं.
काठीचं नाव कुणी काढलं नाही.
निघताना ती लक्कव्वाच्या हातात होती,
आणि नदीच्या पुलावर कधीतरी माझ्या.

देताना लक्कव्वा "तगो" म्हणते, मी पुढं "घे".
सर म्हणतात, सगळ्यांचा शब्द एकच पाहिजे.
मिस म्हणतात, शब्दच नको.
मला तर तिचा श्वासच
शब्दाच्या आधी येऊन पोचतो.

बेळगावच्या मैदानावर रबराचा ट्रॅक,
फक्की चालत नाही.
बाकीच्या शाळांकडं रंगीत चिकटपट्ट्या.
कुंपणाच्या या टोकाला सर, त्या टोकाला मिस,
दोघांचीही बोटं वर,
दोघंही मला आकडा दाखवत होते.
मी खाली बसले,
टाचेवरची मलमपट्टी सोलून काढली,
चालत गेले, जमिनीवर चिकटवली,
वळणाच्या तोंडाशी परत येऊन उभी राहिले.

चौथ्या आलो.
पडली नाही.

कुंपणापाशी सर: "अठराच होती न्हवं?"
"अठराच, सर."
पुढं मिस: "एष्टु?"
"इप्पत्तेरडु, मिस."
दोघंही मान हलवत
एकमेकांना सांगायला निघाले.

लक्कव्वा हसू दाबत जवळ आली.
"खरं किती गे?"
म्हटलं, मोजलं कुणी,
पट्टी असेल अजून तिथं, जाऊन बघ.
आणि मग कुठं
टाच झोंबायला लागली.