सुरगाठ, निरगाठ

लोवेना म्हणाली, बाबा, गाठ तुम्हीच मारायची.
चाळीस वर्षं बोटीवर दोर वळलेत,
दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ मी दोरी?

मी म्हटलं, अगं, आपण चॅपलवाले.
माझी आई रविवारी विणायच्या सुयासुद्धा
कुलपात ठेवायची.
आणि तू माळावर दगडांच्या गोलात उभी राहून
चार दिशांना हाका मारणार?
मीठ, पाणी, धूर, मेणबत्ती?
मेणबत्ती तर त्या वाऱ्यात टिकायचीच नाही.
ती म्हणाली, कंदील आणा मग. बोटीवरचा.

तेव्हापासून टेबलावर यादी आहे.
ट्रेगियरच्या माळाची परवानगी. गाई हलवणं. शेण उचलणं.
घडीच्या खुर्च्या तीस. खोडलं: सगळे उभेच राहतील.
पुन्हा लिहिलं: म्हाताऱ्यांसाठी सहा.
मधाची दारू, सतरा बाटल्या.
उडी मारायला झाडू, नवा नको, वापरातला.
मंगळवारी पेन्झान्सला रजिस्ट्रारकडे सही,
कारण माळावरचं कायद्याला काही दिसत नाही.

शपथ एक वर्ष आणि एक दिवसाची घ्यायची, की जन्माची,
यावर दोघं दोन रात्री भांडली.
केडर म्हणाला, प्रेम असेपर्यंत.
मी मध्ये बोललो नाही.
प्रेम संपल्यावर माणसाला काय बांधून ठेवतं ते मला ठाऊक आहे:
घराचं कर्ज, कुत्रा, शेजारी.

मेरिन येणार. प्लिमथहून, तिच्या गॅरेथबरोबर.
तिला कुठं उभं करायचं याचे मी तीन नकाशे काढले.
रोझव्हियरबाई, ज्या एरवी पोस्टात तिकिटं विकतात
आणि त्या दिवशी देवतांना बोलावणार आहेत, म्हणाल्या,
डेन्झिल, गोल आहे तो.
गोलात पहिली रांग नसते. मागचीही नसते.
मी मनात म्हटलं,
म्हणजे समोरासमोर.

आम्ही बोटीवर निरगाठ मारणाऱ्याला हसायचो.
चांगली गाठ वादळात धरते
आणि बंदरात एका बोटानं सुटते.
लोवेनाला हवी ती निराळीच:
दोघांनी एकेक टोक धरून हात मागं घ्यायचे,
हात मोकळे होतात,
गाठ दोरीत उरते.
खुर्चीच्या पायांवर आठवडाभर करून पाहिली.
खुर्ची टोक धरत नाही.

गुरुवारी माळावर रंगीत तालीम. दाट धुकं.
पोरं बाटल्या आणायला गेलेली, उशीर झालेला.
दोन माणसं हवी होती.
मेरिन म्हणाली, आम्ही आहोत की.

तिचं मनगट मी अकरा वर्षांनी धरलं,
सामान उचलावं तसं.
ओव्हनचा डाग तिथंच होता.
गॅरेथचा हात गरम. दाताच्या डॉक्टरचा, नखं स्वच्छ,
आणि किंचित थरथरणारा.
ते मला आवडलं.
एक वेढा खालून. एक वरून. टोकं मधून.
विचारलं, घट्ट होतंय का?
ती म्हणाली, तू नेहमी सैलच बांधतोस.

ओढा, म्हटलं.
ओढलं त्यांनी.
हात सुटले, आणि दोघांच्या मधोमध
अक्रोडाएवढी गाठ लोंबकळत राहिली.
हलवायची राहिलेली एक काळी गाय
आमच्याकडे बघत होती.
रोझव्हियरबाईंनी वहीत खूण केली: गाठ, जमली.

रात्री ती उकलायला बसलो,
कारण शनिवारी हीच दोरी लागणार.
नखानं गेली नाही. सळ्यानं गेली नाही.
चहा गार झाला.
एवढा माझा हात कधी बसला नव्हता.

शेवटी यादीच्या तळाशी लिहिलं:
दोरी, नवी, दोन वाव.
जुनी कंदिलाच्या कडीला बांधून ठेवली आहे,
वाऱ्यात फार हलू नये म्हणून.