उर्फ

दिग्रजला हळदीच्या पानावर ठिपके पडले,
लोक म्हणाले, करपा.
तासगावला द्राक्षावर करपा,
नरवाडच्या पानमळ्यातही करपाच.
दुकानदार एकाच फळीवरून डबी काढतो.
कधी लागू पडते, कधी नाही.

मी सांगलीच्या कॉलेजात बुरशीचं कपाट सांभाळते.
खालचे दोन खण पुरात गेले,
तिथल्या नावांचा प्रश्नच मिटला.
वरती पुड्या आहेत. पुडीत वाळलं पान,
पानावर मोहरीएवढा डाग,
आणि बाहेर नाव.
खोडलेलं. त्यावर दुसरं.
त्याच्यापुढे कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून
निवृत्त झालेलं.

शिकलगार मॅडम म्हणाल्या,
ही बुरशी एकटी वाढते तेव्हा तिचं नाव एक,
जोडीदार मिळाला की दुसरं.
कितीतरी वर्षं कुणाला कळलं नाही, बाई एकच आहे.
मी म्हटलं, मॅडम, हे मला नका समजावू.

माझं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं.
सुवर्णाची राजमती झाले,
संध्याकाळी त्याच तांदळाचा भात केला.
दाखल्यावर एक, रेशनकार्डावर एक.
बँकेतला म्हणाला, दोघींना घेऊन या.

आता नियम झालाय,
एका बुरशीला एकच नाव.
ग्लोमरेला गेलं, कोलेटोट्रायकम राहिलं.
मी विचारलं, म्हणजे माहेरचं?
मॅडम सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता हसल्या.

पण नाव एक म्हणून बुरशी एक, असंही नाही.
एका जुन्या नावाखालच्या पुड्या तपासायला पुण्याला धाडल्या,
तर निघाल्या सात.
आमच्या घरात नाही का,
चौघी सुनांना सगळे वहिनीच म्हणतात.
हाक आली की चौघी उठतात,
किंवा एकही नाही.

दुपारभर मी चिठ्ठ्या चिकटवते. खळ हाताला वाळते.
जुनं खोडायचं नाही, मॅडम बजावतात,
नव्याच्या खाली बारीक लिहायचं,
त्या नावाने कुणी शोधत आलं तर
सापडायला हवं.

तेवढ्यात दिग्रजहून बाबगोंडांचा फोन,
पाठवलेलं पान बघितलं का ओ?
करपाच ना? फवारू का?

थांबा जरा.
अजून नाव विचारतेय तिला.