बिनरेघेचं अक्षर

पडद्यावरचा लेखक जे टाइप करतो
ते मी टाइप करते.
त्याच्या मागे वादळ, तळ्याकाठचं घर, अर्धवट उघडं तळघर,
माझ्या मागे रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे.
वूच शहरात, जुन्या सूतगिरणीतल्या स्टुडिओत
एकवीस वर्षं, अकरा सिनेमे.
अकराही सिनेमांत लेखकाच्या हातून,
नाहीतर त्याच्या कादंबरीतल्यासारखंच हुबेहूब,
कुणीतरी मरतं.

कॅमेऱ्याला तीन ओळी लागतात.
उरलेलं पान काहीही भरा, दिग्दर्शक म्हणायचे,
कोण वाचतंय?
मी भरायचे. बटाट्याचे भाव. बहिणीशी झालेलं भांडण.
एकदा गुडघेदुखीवरचे सगळे लेप;
ते पान हातात धरून नायिका अशी किंचाळली
की वाटलं, मोहरी जास्त सांगितली की काय.

हे सिनेमातले लेखक मला कधी पटले नाहीत.
खाडाखोड करत नाहीत, दूध संपत नाही त्यांचं.
खून झालेल्या घरात एकटे राहायला जातात
आणि वर अंधाराला विचारतात,
कोण आहे?
लिहिणारा माणूस असं विचारत नाही.
त्याला ठाऊक असतं कोण आहे ते.

मशीनचं सांगायचं राहिलं.
आमच्या लिपीत ल वर तिरकी रेघ मारली
की त्याचा व होतो.
शहराच्या नावातच आहे ते अक्षर.
मशीनवरची ती रेघ झिजून गेली होती.
दुरुस्त करू नका, दिग्दर्शक खूश होऊन म्हणाले,
असल्या खोडीवरूनच तर खुनी सापडतो.

सातव्या सिनेमात तीन ओळी झाल्या
आणि बोटं थांबली नाहीत.
दिवे टांगणारा गेर्वाझी वुकाशिक
दोन सिनेमे आधी, खोट्या पावसासाठी वर चढला होता
आणि खाली आला होता.
प्यायलेला होता, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही.
सकाळी त्याने घेतला होता तो माझ्याच थर्मासमधला चहा.
दोर कुजलाय, ही नोंद गोदामाच्या वहीत होती.
वही माझ्याकडे होती.
पान फाडायला सांगणारा कुणीतरी होता,
पण फाडलं मी,
कडेला पट्टी धरून, नीट.

हे सगळं टाइप केलं.
मशीनने आपल्या खोडीप्रमाणे लिहिलं: लुकाशिक.
या नावाचा माणूस स्टुडिओत कधी नव्हताच.
मी दिवा मालवला आणि त्या रात्री
लाज वाटावी इतकी गाढ झोपले.

काल ग्दिन्याहून पत्र आलं.
कलिना नावाची मुलगी, बंदरावर हिशेब बघते.
लिहिते, सिनेमा ठीक आहे,
खुनी विसाव्या मिनिटालाच कळतो.
बावन्नाव्या मिनिटाला मी चित्र थांबवलं, मोठं केलं.
लेखकाच्या अंगठ्यापलीकडे अडीच ओळी वाचता येतात.
'कडेला पट्टी धरून' इथे ओळ तुटते.
एका नावातली रेघ गेली आहे.
पुढचं पान कुठे आहे?
खाली सही, पूर्ण आडनाव, रेघेसकट,
रेघ इतकी दाबून मारलेली
की कागद मागून उमटलेला.

पान आहे.
सिनेमाचं नव्हे, वहीतलं.
शिलाईच्या डब्यात, तळाला, बटणांखाली.
सिनेमा असता तर आत्ता दिवे गेले असते,
दारावर थाप पडली असती.
खाली शेजारी कुत्र्याला हाका मारत होते
आणि ते येत नव्हतं.

मशीन पुढे ओढलं, कागद चढवला.
प्रिय कलिना लुकाशिक, एवढं झालं,
मग पेन शोधत बसले.
निळं उमटेना, लाल बरं दिसेना.
शेवटी पेन्सिलीनेच मारली
ती रेघ.