शेऱ्याचा रकाना

नारबा खवणेकर साडेदहालाच आला.
काखेत पिशवी, पिशवीत जाळ्याचा तुकडा,
अजून ओला, तारलीचा वास धरलेला.
माझ्या टेबलावर ठेवला, मस्टरच्या शेजारी.
"कापलंय गो," म्हणाला. "माझ्याच सुरयेन."

मी कंत्राटी. अकरा महिन्यांची सागरमित्र.
मग एक दिवस कुणाचीच मित्र नसते,
मग पुन्हा अकरा महिने.

जीआर चांगला आहे.
संरक्षित जीव जाळ्यात आला तर जाळं कापा, जीव सोडा,
जाळ्याचे पैसे शासन देईल.
मीच वाचून दाखवला होता वाडीत, देवळात, भजनाच्या आधी.
कुणी हसलं नाही.
मागून एकाने विचारलं, कधी?
तेवढ्यात पेटीवाला आला.

अर्ज भरायला घेतला.
प्रजाती?
"कासवां. दोन. येक थोरला, जुना, पाठीर शिंपले धरलेला."
वेळ?
"शुक्र वर इल्लो तेव्हा."
मी लिहिलं, पहाटे ४.३० (अंदाजे).
अक्षांश, रेखांश?
नारबाने डोळे मिटले, खुर्चीत जरासा वळला,
जणू खुर्चीला सुकाणू आहे.
"निवतीचो दिवो डाव्या खांद्यार.
आणि टेंबावरची उंडी देवळाच्या कळसार इली, की थयच.
बारा वाव पाणी."

टेंब आमच्या खिडकीतून दिसतो.
उंडी नाही. दिवाळीनंतर पाडली.
तिथे पत्र्याचं कुंपण आहे, कुंपणावर समुद्राचं चित्र,
आणि त्याच्या पलीकडे समुद्र.
"उंडी गेली नारबा."
"म्हायत आसा. मी अजून तीच बघतंय."

भिंतीवर किनाऱ्याचा नवा नकाशा लावलाय, हरकतींसाठी.
नारबा चष्मा पुसून उठला,
खाडीच्या तोंडापासून बोट सरकवत आला
आणि जिथे होड्या ओढतात, जाळी सुकतात, बांगडे वाळतात,
तिथे थांबला. तिथे कागद पांढरा होता.
"हय काय दाखवलानी?"
मोकळी जागा.
"आणि आमी?"
हरकतीचा अर्ज वेगळा, मी म्हटलं. खालच्या मजल्यावर.
माझाच आवाज मला
वाडीत नव्याने लागलेल्या भोंग्यासारखा वाटला.

राहिला फोटो.
जाळं कापतानाचा एक, जीव सोडतानाचा एक. दोन्ही आवश्यक.
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
राग नव्हता त्यात.
"एका हातान कासव धरलंय. एका हातान सुरी.
फोटू खयच्या हातान काढू?"

फाईल ओरोसला गेली, पंधरा दिवसांनी परत आली.
त्रुटी : छायाचित्रे जोडलेली नाहीत.
जाळ्याचा तुकडा कपाटात राहिला.
उंदरांनी त्याची आणखी थोडी भोकं केली,
भरपाई न मागता.

माघात तो पुन्हा आला.
या वेळी नातवाला, सर्वेशला, बरोबर घेऊन,
आणि मोबाईल दुधाच्या पिशवीत, रबर लावून.
पोराने ऐटीत फोटो दाखवला.
काळं पाणी. बॅटरीचा पिवळा डाग.
कोपऱ्यात नारबाचा अंगठा, होडीची कड,
आणि मधोमध एक गोल लाट, बाहेर पसरत चाललेली.
कासव?
"आत्ता होतां थय," पोर म्हणाला.
"ह्याना बटण दाबलान आणि ता गेला," नारबा म्हणाला,
आणि पहिल्यांदाच हसला, खालचे दोन दात दाखवून.

प्रिंट काढली. शाई संपत आलेली, पाणी अजूनच काळं आलं.
टाचणी मारली.
शेऱ्याचा रकाना दोन ओळींचा असतो,
एरवी मी तो कोरा सोडते.
त्यात लिहिलं :
छायाचित्रात प्राणी दिसत नाही, कारण तो सुटला आहे.

सही केली.
शिक्क्याची गादी सुकलेली होती.
नारबाने पेल्यातलं पाणी बोटावर घेतलं
आणि दोन थेंब टाकले.