एकच कान

भद्रकालीत, भाजीबाजाराच्या मागच्या बोळात
मोबीनभाईंनी कंट्रोलर जुन्या चादरीत गुंडाळून दिला,
दवाखान्यातून बाळ घरी नेतात तसा.
बेचाळीसशे. त्यातले सातशे नंतर.
"डावी चकती जरा अडते, बेटा. उजवी पाण्यासारखी आहे."
वर हेडफोन फुकट. त्याचा उजवा कान मेलेला.
मी हिरमुसले, तर म्हणाले,
"एकच तर लागतो.
दुसरा कान लोकांत ठेवायचा."

घर सिडकोत, उत्तमनगरला, दोन खोल्या.
भिंतीपलीकडे निकुंभ काकू, त्यांना बीपी,
म्हणून स्पीकर घेतले नाहीत
असं मी सगळ्यांना सांगते.
लॅपटॉप मावसभावाचा. त्याची एसची कळ गळालेली,
गाणं शोधायचं तर तिथल्या रबराच्या बोंडावर
नख रुतवायचं.
सहा आठवडे दोनच गाणी.
एक शंभराच्या चालीचं, एक एकशे आठाच्या.
सिंक नावाचं बटण असतं, ते दोघांना आपोआप जुळवतं.
त्याच्यावर मी चिकटपट्टी लावली.
रात्री अकरा ते साडेबारा
दोन घोडे, टांगा एक,
आणि दर वेळी टांगा नाल्यात.

पप्पा अंबडला पॉवर प्रेसवर. एकोणीस वर्षं.
उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी संपते.
एका रात्री पाणी प्यायला उठले,
दारात थांबले.
"हे काय करते गं? आवाज तर कशाचाच नाही."
मी डावा कान त्यांना दिला.
ऐकत राहिले. तोंडावर काही नाही.
मग त्या अर्ध्या बोटाने टेबलावर
एक, दोन, तीन, चार.
"तू चारवर घुसते.
चारला हात बाहेर पाहिजे.
प्रेस एकवर पडते."
पुढे काही बोलले नाहीत.
बोटाचं बोलून झालं होतं.

पहिली हळद पाथर्डी फाट्याला,
संजीवनी आत्याच्या नणंदेकडे.
आठशे रुपये, जेवण धरून.
स्पीकर साहेबरावांचे, भाडं पाचशे.
रिक्षात पप्पा त्यांना मिठी मारून बसले होते.
नवरदेवाच्या मित्राने मलाच विचारलं,
"डीजेवाला कुठंय भो?"
मी वायरचा गुंता सोडवत होते,
म्हटलं, येतोय.

तिसऱ्या गाण्याला बायका उठल्या.
पाचव्याला लॅपटॉप बसला.
शांतता अशी, की मागे कढईत
पुऱ्या फुगताना ऐकू आल्या.
एक पोरगं ओरडलं, "लाईट गेली!"
लाईट लख्ख होती, माझ्याच तोंडावर होती.
स्क्रीनवर तो गोल फिरत राहिला
आणि मी त्याच्याकडे बघत राहिले,
जणू बघितल्याने तो लाजून थांबेल.

मग मागे, पाण्याच्या निळ्या पिंपावर
कुणीतरी ठोकायला लागलं.
एक, दोन, तीन, चार.
मी वळून पाहिलं नाही.
हळदीच्या हातांनी टाळी नीट वाजत नाही,
चिकटते,
पण बायकांनी वाजवली. नवरीच्या मावशीने
उखाणा सुरू केला, मध्येच विसरली,
त्या हशातही ठोका चालूच.

लॅपटॉप उठला.
डावा कान गाण्यात, उजवा पिंपावर.
चकती अडली. मी दम धरला.
चार जाऊ दिला.
अजून एक चार जाऊ दिला.
एकवर सोडलं.

केसभर उशीर झाला.
ते दोघांनाच कळलं.

आठशे वजा पाचशे,
वजा रिक्षा, जाऊन येऊन एकशे ऐंशी.
उरले एकशे वीस आणि पुऱ्यांचं पुडकं.
मोबीनभाईंचे सातशे अजून उभेच.
परतताना गरवारेच्या सिग्नलला पप्पा म्हणाले,
"हेडफोनचा तो कान करून घे आता."

म्हटलं, बघू.
आधी एस.