न दुखणारा केस

खानापुरात स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर माझी लॅब.
एक मायक्रोस्कोप, एक स्पिरिटचा दिवा,
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
मधे पावसानं धुऊन नेलेलं काहीतरी.

भरमाण्णा निट्टूरकर आले ते भर एप्रिलात
तोंडाला टॉवेल गुंडाळून.
चिठ्ठी कित्तूरकर डॉक्टरीणबाईंची,
पण बाईंकडे धाडलं होतं मल्लेशी हडपदनं.
त्यानं उघडलेला वस्तरा परत मिटला होता:
"ह्या गालावर मी पातं लावत न्हाई, अण्णा.
बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय पाप केलंय?"

टॉवेल सुटला.
गाल नुकत्या उकरलेल्या रताळ्यासारखा,
गाठीला गाठ, गाठीच्या तोंडाशी पू,
पुवात तुटके केस.
मेडिकलवाल्याची ट्यूब दोन महिने.
"पयला आठवडा बेस झाला की ओ!"
होणारच. स्टेरॉइड लाली पुसतं,
आणि पाहुण्याला मागल्या दारानं आत घेतं.
मग कॅप्सूल, मग इंजेक्शन,
मग सासूबाईंनी वारुळाला घातलेलं दूध.

मी चिमटा घेतला. त्यांनी डोळे मिटले.
केस आला,
तरव्यातनं भाताचं रोप यावं तसा, अलगद,
मुळाला पांढरट म्यान घेऊन.

"दुखलं न्हाई," ते म्हणाले, आणि घाबरले.

मला तिथंच निम्मं कळलं होतं.
साधं गळू असतं, तर केस ओढताना
माणूस खुर्चीतनं उठतो.
बुरशीनं धरलेला केस भांडत नाही.

काचेवर केस, केसावर पोटॅशचा थेंब,
दिव्यावरनं तीनदा फिरवलं, उकळू न देता.
मग थांबायचं. नेमकी वीज गेली.
आरसा खिडकीकडे वळवला,
रेल्वेच्या पत्र्यावरचं ऊन उसनं घेतलं,
आणि दिसले:
केसाच्या बाहेरून ओवलेले मणी,
ठसठशीत, एकाला एक लागून.
एवढे मोठे मणी बहुतेक गोठ्यातनं येतात.

"जनावरं आहेत?"
"तीन म्हशी. जर्सी गाय होती, व्याली नि गेली.
पाडी ऱ्हायली."
"पाडीच्या डोळ्याभोवती काही?"

ते खूप वेळ टॉवेलची घडी घालत राहिले.
"राखेचा चष्मा घातल्यागत हाय."
मग, माझ्याकडे न बघता:
"बाटलीनं पाजतोय तिला.
गालाला गाल लावल्याबिगर पीतच न्हाई."

रिपोर्टवर मी लॅटिन लिहिलं.
नाव काय, असं बायकोनं जिन्यातनं विचारलं.
तिच्या माहेरी हुळकड्डी म्हणतात;
त्या शब्दात हूळ आहे, किडा.
"किडा नव्हं, वैनी. लोणच्यावर धरते ती बुरशी."
"माझ्या लोणच्यावर धरत न्हाई," ती म्हणाली.

बाईंनी गोळ्या दिल्या सहा आठवडे, तुपाच्या घासावर.
मलमाचा हात मुळापर्यंत पोचत नाही,
तिथं रक्तातनंच जावं लागतं.
मधे एकदा लिव्हरची तपासणी.
टॉवेल उकळायचा, वेगळा.
पाडीला गुरांचा डॉक्टर, वेगळं दावं,
आणि बाटली धरताना हातमोजे.
गालाचं काही लिहिलं नव्हतं चिठ्ठीत.
ते बाईंनी तोंडी सांगितलं.

माझ्या नळीत चौथ्या आठवड्यात उगवलं,
सुरकुतलेलं, पांढुरकं, चिमूटभर.
तोवर त्यांचा गाल सपाट होत आला होता.

जूनच्या तोंडाला आले, बिनाटॉवेलचे.
"पाडीच्या डोळ्याभोवती केस आलेत. तांबूस."
"आणि तुमच्या?"
त्यांनी बोट ठेवलं:
चार आण्याएवढी जागा, गुळगुळीत, कायमची.
तिथं आता काही उगवायचं नाही, हे मी सांगितलं.

"असू दे की," म्हणाले,
"मल्लेशी चार आणे कमी घेतो."